सर जमशेटजी जीजीभाई

धनसंचय करणारे पुरुष जगात पुष्कळ होऊन गेले. परंतु ते धन कोणत्या कामी लावावे ह्याचा विचार करणारे थोडे, आणि त्यातील काही भाग कलेच्या शिक्षणास द्यावा असे ज्यांस वाटले, ते तर फारच विरळा. आमच्या शहागडासारख्या गोदातीरच्या गावातून चित्रकलेच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलांस 'जे. जे.' ही दोन अक्षरे परिचित असतात. परंतु ती अक्षरे ज्या पुरुषाच्या नावाची, त्याची जीवनकथा फार थोड्यांस ठाऊक असते. म्हणून ती येथे संक्षेपाने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ रोजी एका गरीब पारशी कुटुंबात झाला. सोळाव्या वर्षी, म्हणजे १७९९ साली, आईबापांचे छत्र हरपले. शालेय शिक्षण नाममात्रच झाले होते. मुंबईस त्यांचे मामा, आणि पुढे सासरे, फ्रामजी नसरवानजी हे जुन्या बाटल्यांचा व्यापार करीत. त्यांच्या आश्रयास राहून ह्या मुलाने हिशेब ठेवण्यापुरते ज्ञान आणि कामचलाऊ इंग्रजी संपादन केले, व त्याच कोवळ्या वयात चीनची पहिली सफर केली.

त्या काळी समुद्रप्रवास म्हणजे जिवावरचे साहस होते. १८०५ साली ते 'ब्रन्स्विक' नावाच्या जहाजातून चीनकडे जात असता फ्रेंच आरमाराने ते जहाज पकडले. सर्व माल गेला, आणि जमशेटजींस आफ्रिकेच्या दक्षिण टोकास केप येथे नेऊन सोडण्यात आले. अंगावरच्या वस्त्रांखेरीज फारसे काही उरले नाही. अशा स्थितीत दुसरा कोणी खचून गेला असता. पण हे मोठ्या कष्टाने स्वदेशी परतले आणि पुन्हा व्यापारास लागले. त्याच जहाजावर विल्यम जार्डीन नावाचा एक तरुण डॉक्टर होता. त्याच्याशी जडलेली ओळख पुढे मोठ्या व्यापारी संबंधास कारण झाली. कापूस आणि अफू ह्यांच्या व्यापारात जमशेटजी मुंबईतील अग्रगण्य धनिक बनले.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. माळव्यातील अफू मुंबई बंदरातून चीनमध्ये जाई, आणि तिच्या व्यसनाने तेथील असंख्य कुटुंबे धुळीस मिळाली. चीन सरकारची मनाई असताही हा व्यापार चालला व त्यातूनच १८३९ साली युद्ध पेटले. त्या काळच्या कायद्याने येथे तो गुन्हा नव्हता, आणि खुद्द कंपनी सरकार त्यावर कर घेत होते, हे खरे. तथापि दानाने धनाचे मूळ बदलत नाही. थोर पुरुषांची चरित्रे वाचताना गुणांचे अनुकरण करावे व दोष दोष म्हणून ओळखावा, हेच वाचकास हितकर होय.

आता त्यांच्या दानाकडे वळू. त्यांनी एक लक्ष रुपये देऊन मुंबईत रुग्णालय उभारण्यास साह्य केले. ते १८४५ साली सुरू झाले. त्याच वर्षी माहीम व वांद्रे ह्यांना जोडणारा रस्ता खुला झाला; त्याचा खर्च त्यांच्या पत्नी आवाबाई ह्यांनी दिला. १८४२ साली जमशेटजींस 'सर' ही पदवी मिळाली. ती मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत.

परंतु त्यांच्या दूरदृष्टीची खरी खूण १८५३ साली दिसली. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात हिंदी कारागिरांच्या वस्तूंची वाहवा झाली होती. इकडे मात्र यंत्राच्या मालापुढे तेच कारागीर उपाशी मरू लागले होते. त्यांच्या हातास शिस्तशीर शिक्षण मिळावे म्हणून जमशेटजींनी कलाशाळेसाठी एक लक्ष रुपये देऊ केले. मार्च १८५७ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेच्या जागेत चित्रकलेचे वर्ग सुरू झाले. पुढे दोनच वर्षांनी, १४ एप्रिल १८५९ रोजी, दात्याने देह ठेवला. लाविलेल्या रोपाचे फळ त्यांस पाहावयास मिळाले नाही.

ते फळ मात्र आमच्या प्रांताच्या दारापर्यंत आले. १८७२ पासून शाळेचे अध्यापक जॉन ग्रिफिथ्स हे आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या लेण्यांत ठाण मांडून बसले व १८८५ पर्यंत त्यांनी तेथील भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यांपैकी पुष्कळशा लंडनमध्ये १८८५ च्या आगीत जळाल्या. तरी उरलेल्या चित्रांवरून ग्रिफिथ्स ह्यांनी सिद्ध केलेल्या ग्रंथाने अजिंठ्याची कीर्ती जगभर नेली. मुंबईच्या बोरीबंदर स्थानकावरील दगडी नक्षीकामात ह्याच शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. 'मंदिरपथगामिनी' हा पुतळा घडविणारे गणपतराव म्हात्रे आणि कोल्हापूरचे चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर हेही येथलेच विद्यार्थी.

चित्रे काढून पोट भरते काय, असे म्हणून मुलाच्या हातातील कुंचला काढून घेणारे पालक आमच्याकडे अद्याप आहेत. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, ज्या व्यापाऱ्याचा सारा जन्म नफातोटा मोजण्यात गेला, त्यासही कला हा पोटाचा आधार वाटला. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांपुरते एवढेच: सर्वस्व गेले असता पुन्हा उभे राहण्याचे धैर्य जमशेटजींपासून घ्या, आणि धन मिळविताना ते कोणाच्या अश्रूंतून येत नाही ना, हे मात्र त्यांच्याहून अधिक काळजीने पाहा.