ठिणगीचे जनक : चार्ल्स केटरिंग

चढणीवर जुनी मोटार ठोके देऊ लागली, की अनुभवी मेस्त्री प्रथम डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडतो. पॉइंट जळले आहेत का, मधला शाफ्ट झिजून डुगडुगतो आहे का, वेगानुसार ठिणगीची वेळ पुढे-मागे करणारी वजने गंजून अडकली आहेत का, हे तो तपासतो. ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांनी आपल्याकडच्या मेस्त्रींना हीच विद्या शिकवली. तिच्या मुळाशी असलेली प्रज्वलन पद्धती अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांची.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायो राज्यातील लाउडनव्हिल येथे शेतकरी कुटुंबात झाला. डोळ्यांच्या विकाराने शिक्षणात खंड पडला. मधल्या काळात त्यांनी टेलिफोनच्या तारा ओढण्याचे काम केले. विद्युत अभियांत्रिकीची पदवी हाती आली ती १९०४ मध्ये. त्यानंतर डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्यांनी गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर जोडली.

सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागील कोठारात नोकरीनंतरच्या वेळेत मोटारींवरचे प्रयोग सुरू झाले. बॅटरीचा प्रवाह पॉइंट उघडताच तुटतो, कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि ठिणगी पडते, ही ती रचना. कॅडिलॅक कंपनीने तिची मागणी नोंदवली आणि १९०९ मध्ये डेल्को कंपनी उभी राहिली. हँडल मारून इंजिन सुरू करताना मनगटे मोडत. केटरिंग यांच्या विजेच्या स्टार्टरने १९१२ च्या कॅडिलॅकमधून तो धोका दूर केला.

पुढे अधिक दाबाची इंजिने आली, तसे ठोके वाढले आणि त्यांचे खापर केटरिंग यांच्या ठिणगीवर फुटले. त्यांनी सहकारी थॉमस मिजली यांच्याकडे शोध सोपवला. इंजिनातील दाबाच्या नोंदी घेतल्यावर ठोका ठिणगीनंतर पडतो, असे आढळले. दोष ठिणगीत नव्हता, इंधनात होता. निदान अचूक ठरले.

उपाय मात्र घातक निघाला. डिसेंबर १९२१ मध्ये, जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत, शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये मिसळताच ठोके थांबले. अल्कोहोलनेही ते थांबतात, हे या संशोधकांना ठाऊक होते. शिसे विषारी आहे, हेही जगाला नवे नव्हते. तरीही निवड शिशाची झाली. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात या संयुगाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. शिसेयुक्त पेट्रोल विकणाऱ्या एथिल कंपनीचे अध्यक्ष त्या वेळी केटरिंगच होते, आणि ते आपल्या इंधनाच्या पाठीशी उभे राहिले. मुलांच्या मेंदूवर शिशाचे होणारे दुष्परिणाम पुढे सिद्ध झाले. भारतात २००० साली या पेट्रोलची विक्री थांबली; जगातील शेवटचा देश अल्जीरियाने ती २०२१ मध्ये बंद केली.

नोव्हेंबर १९५८ मध्ये केटरिंग यांचे निधन झाले. न्यूयॉर्कमधील ज्या कर्करोग संशोधन संस्थेला त्यांचे नाव आहे, ती आजही रुग्णांसाठी झटत आहे. मोटारीचा दोष हुडकण्यात त्यांनी दाखवलेला काटेकोरपणा उपाय निवडतानाही दिसला असता, तर कित्येक पिढ्या शिशाच्या धुरापासून वाचल्या असत्या.