पंडिता क्षमाबाई राव : टेनिसपटू आणि कवयित्री

भगिनींनो, मंडळाच्या वर्धापनदिनी एखाद्या कर्तृत्ववान स्त्रीची ओळख करून घ्यावी ही आपली चांगली प्रथा आहे. जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांची चरित्रे आपण शाळेपासून ऐकत आलो. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेर तर आपल्या कल्याणचेच, म्हणून त्यांचा अभिमान थोडा जास्तच. यंदा मी जे नाव घेणार आहे ते मात्र आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या कानांवरून गेलेले नसेल. ते नाव म्हणजे पंडिता क्षमाबाई राव. या बाईंनी टेनिसच्या मैदानावर अजिंक्यपद मिळवले आणि संस्कृत भाषेत गांधीजींच्या सत्याग्रहावर महाकाव्यही लिहिले. या दोन गोष्टी एकाच बाईच्या आयुष्यात कशा नांदल्या, हे जाणून घेण्यासारखे आहे.

क्षमाबाईंचा जन्म ४ जुलै १८९० रोजी पुण्याला झाला. वडील शंकर पांडुरंग पंडित हे त्या काळातले नामांकित विद्वान. कालिदासाच्या ग्रंथांच्या आवृत्त्या त्यांनी तयार केल्या, अथर्ववेद सायणाचार्यांच्या भाष्यासह संपादित केला, आणि ‘वेदार्थयत्न’ या मासिकातून ऋग्वेदाचा अर्थ मराठी व इंग्रजीत सांगितला. आपल्याला जास्त जवळची गोष्ट म्हणजे तुकाराममहाराजांची जी गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून निघाली, तिच्या दोन संपादकांपैकी ते एक होते. पुढे ते काठेवाडात पोरबंदर संस्थानचा कारभार पाहत होते. स्वामी विवेकानंद भारतभ्रमण करीत असता पोरबंदरला आले तेव्हा त्यांच्याकडे राहिले आणि वेदांच्या कामात त्यांना मदतही केली, हे स्वामीजींच्या चरित्रात वाचायला मिळते.

असे वडील लाभले, पण सहवास लाभला नाही. १८९४ च्या मार्च महिन्यात शंकरराव वारले तेव्हा क्षमेला चौथे वर्ष चालू होते. आई उषादेवी मुलांना घेऊन मागे राहिली आणि क्षमाबाईंचे बालपण काकांच्या घरी गेले. वडिलांवाचून दुसऱ्याच्या घरी वाढणाऱ्या मुलीचे दिवस कसे जातात ते आपणांस वेगळे सांगायला नको. बोलून दाखवले नाही तरी मन सांभाळून राहावे लागते. तरी संस्कृताचा जो नाद वडिलांना होता तो मुलीत उतरला. शाळेत संस्कृत आणि इंग्रजी या दोन विषयांत ती हुशार होती.

विसाव्या वर्षाच्या सुमारास, १९१० साली, त्यांचा विवाह मुंबईच्या डॉ. राघवेंद्र राव यांच्याशी झाला. डॉक्टरसाहेब नुसते रोगी तपासणारे नव्हते, तर संशोधक होते. कातडीवर चिघळणाऱ्या एका प्रकारच्या फोडाच्या जंतूंवर आणि महारोगावर त्यांनी पुष्कळ काम केले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९११ मध्ये, मुलगी झाली, तिचे नाव लीला. संसार, मूल, पतीबरोबर युरोपचे प्रवास, असे दिवस सुरू झाले. इथपर्यंतची हकीकत त्या काळातल्या कोणाही सुखवस्तू घरच्या सुशिक्षित बाईची वाटेल. वेगळेपण यापुढे आहे.

त्या काळी मुंबईत टेनिस हा साहेबांचा आणि जिमखान्यांचा खेळ. बायकांनी मैदानावर उतरणे हे आपल्या लोकांत फार दिसत नसे. पारशी समाजातल्या लेडी मेहेरबाई टाटा यांनी वाट दाखवली होती. साडी नेसूनच त्या टेनिस खेळत. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीसाठी त्यांचे नाव गेले होते. तिकडे फ्रान्समध्ये सुझान लांग्लेन या बाईने तर सगळे जग हलवून सोडले होते. तिच्या आधीच्या खेळाडू बायका घोळदार झगे आणि आवळलेल्या चोळ्या घालून खेळायच्या. सुझानने १९१९ साली विम्बल्डनला आखूड बाह्यांचा, पायांत न अडकणारा पोशाख केला आणि ती वाऱ्यासारखी धावली. सहा वेळा ती विम्बल्डनची एकेरीतली अजिंक्यवीर झाली आणि १९२६ साली पैसे घेऊन खेळणारी धंदेवाईक खेळाडू होऊन अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली. बाईच्या खेळाला लोक तिकीट काढून गर्दी करतील, हे तिने सिद्ध करून दाखवले. १९३८ साली, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी ती वारली.

अशा त्या काळात, १९२७ साली, मुंबई इलाख्याच्या हार्ड कोर्ट टेनिस स्पर्धेत स्त्रियांच्या एकेरीचे अजिंक्यपद क्षमाबाईंनी जिंकले. हार्ड कोर्ट म्हणजे हिरवळीऐवजी टणक जमिनीचे मैदान. तेव्हा त्यांचे वय छत्तीस-सदतीस वर्षांचे, आणि मुलगी पंधरा-सोळा वर्षांची. भगिनींनो, या वयाकडे लक्ष द्या. घरात लग्नाच्या वयाची मुलगी असताना आई रॅकेट घेऊन मैदानावर धावते आहे, हे त्या वेळच्या लोकांना किती चमत्कारिक वाटले असेल! एकेरीत भागीदार नसतो. कोर्टाची एक बाजू सगळी एकटीने सांभाळायची, पुढे धावायचे, मागे यायचे, आणि चुकले तर बोट दाखवायला दुसरे कोणी नाही. हे सर्व त्यांनी केले आणि इलाख्यात पहिल्या आल्या.

आईचे पाहून मुलगी शिकते. लीलाबाई आईच्याही पुढे गेल्या. १९३१ साली त्यांनी अखिल भारतीय स्पर्धेत स्त्रियांच्या एकेरीचे अजिंक्यपद मिळवले आणि पुढे १९४३ पर्यंत एकंदर सात वेळा ते मिळवले. १९३४ साली त्या विलायतेत विम्बल्डनला उतरल्या. पहिल्या फेरीत समोर इंग्लंडच्या ग्लॅडिस साउथवेल होत्या. पहिला सेट लीलाबाईंनी ४-६ असा गमावला. आता दुसरा गेला की परत घरी. टेनिसमध्ये सहा गेम झाले तरी दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट संपत नाही, आणि तेव्हा बरोबरी तोडायची आजची युक्ती निघालेली नव्हती. त्यामुळे तो दुसरा सेट लांबत लांबत अठरा गेमपर्यंत गेला आणि लीलाबाईंनी तो १०-८ असा खेचून आणला. तिसरा मग ६-२ असा सहज गेला. विम्बल्डनवर सामना जिंकणारी पहिली हिंदी स्त्री हा मान त्या दिवशी एका मराठी आईच्या मुलीने मिळवला. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अदामॉफ यांनी त्यांना हरवले. पुढे २००५ साली सानिया मिर्झा विम्बल्डनला एकेरीचा सामना जिंकल्या, तेव्हा या गोष्टीला एकाहत्तर वर्षे होऊन गेली होती.

आता क्षमाबाईंच्या दुसऱ्या अंगाकडे येऊ. त्या आधी मराठीत आणि इंग्रजीतही लिहीत असत. परंतु देशात गांधीजींची मिठाच्या सत्याग्रहाची चळवळ सुरू झाली आणि त्यांच्या मनाने घेतले की ही हकीकत संस्कृतात सांगावी. गीतेसारखे अठरा अध्याय, गीतेसारखेच अनुष्टुभ वृत्त, आणि विषय मात्र अगदी ताजा. मीठ, खादी, तुरुंग, लाठीमार, खेड्यांतले साधे शेतकरी, हे सर्व त्यांनी देवभाषेत आणले. हा ग्रंथ म्हणजे ‘सत्याग्रहगीता’. इथे इंग्रज सरकारचा अंमल, असे पुस्तक छापायचे म्हणजे जप्तीची भीती. तेव्हा १९३२ साली तो छापून निघाला तो पॅरिसमध्ये! त्या वेळी क्षमाबाई बेचाळिशीच्या घरात होत्या. पहिले महत्त्वाचे पुस्तक या वयात निघाले आणि त्यानंतर त्या थांबल्या नाहीत.

त्यांच्या ‘कथापंचका’त आपल्या बायकांच्या दुःखाच्या पाच कथा आहेत. ‘विचित्रपरिषद्यात्रा’ हे विनोदी पुस्तक. १९३७ साली त्रिवेंद्रमला पंडितांची परिषद भरली होती, तिथे जातानाच्या गंमतीजमती त्यात आहेत. संस्कृत म्हटले की आपण हात जोडून बसतो, पण त्या भाषेत प्रवासातली फजितीही सांगता येते, हे क्षमाबाईंनी दाखवले. १९३९ साली त्यांनी ‘शंकरजीवनाख्यान’ लिहिले. हे त्यांच्या वडिलांचे चरित्र. ज्या बापाचा चेहराही धड आठवत नसेल, त्याचे आयुष्य कागदपत्रांतून आणि लोकांच्या सांगण्यातून गोळा करून मुलीने पद्यात बांधले. मला तर त्यांच्या सर्व ग्रंथांत याच ग्रंथाची हकीकत मनाला लागते. मुलीने बापाचे श्राद्ध करू नये म्हणणाऱ्या काळात तिने बापाचे केवढे तर्पण केले!

पुढे त्यांनी मीराबाईंवर ‘मीरालहरी’ लिहिली. नंतर आपल्या महाराष्ट्रातले संत घेतले. १९५० साली ‘तुकारामचरित’ निघाले, १९५३ साली ‘रामदासचरित’, आणि ‘ज्ञानेश्वरचरित’ त्यांच्या पश्चात बाहेर आले. वडिलांनी तुकोबांची गाथा शुद्ध करून छापली आणि मुलीने त्याच तुकोबांचे चरित्र संस्कृतात नेले. तुकोबांचे अभंग मराठीत आहेत म्हणून ते आपल्या ओठांवर आहेत, पण काशी, मद्रास, बंगाल इथल्या पंडितांना आपला तुकाराम कळावा तर त्यांना समजेल अशा भाषेतच तो सांगितला पाहिजे. हे काम क्षमाबाईंनी केले. विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हणून गौरविले.

सत्याग्रहाचा विषयही त्यांनी सोडला नाही. १९४८ साली ‘उत्तरसत्याग्रहगीता’ आली. स्वातंत्र्य मिळाल्यावर ‘स्वराज्यविजय’ हा तिसरा भाग त्यांनी लिहिला, पण तो छापलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. २२ एप्रिल १९५४ रोजी त्यांचे निधन झाले आणि ते पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झाले.

लीलाबाईंनी आईचा वारसा दोन्ही हातांनी उचलला. भरतनाट्य आणि मणिपुरी नृत्यांवर त्यांनी पुस्तके लिहिली आणि आईच्या कथांवरून संस्कृत नाटके रचली. हरीश्वर दयाळ या सनदी अधिकाऱ्याशी त्यांचा विवाह झाला. ते पुढे नेपाळमध्ये आपल्या देशाचे राजदूत होते.

कोणी म्हणेल, क्षमाबाईंच्या घरी सुबत्ता होती, नवरा डॉक्टर, हाताखाली माणसे, त्यांना जमले तर नवल काय? म्हणणे खरे आहे. आपल्याकडे पाण्याची वेळ सांभाळायची, डबे भरायचे, माणसे लोकलला वेळेवर बाहेर काढायची, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. परंतु सुबत्ता असलेल्या बायका मुंबईत त्या वेळी पुष्कळ होत्या. त्यांच्या दुपारी कशा गेल्या हे आज कोणाला माहीत नाही. वेळ मिळणे ही एक गोष्ट, आणि मिळालेल्या वेळात रोज तेच काम न कंटाळता करणे ही दुसरी. खेळ असो की काव्य, रोजच्या सरावावाचून दोन्हीही येत नाहीत. एका श्लोकाचे वृत्त बसेपर्यंत शब्द फिरवत राहणे आणि एक फटका बसेपर्यंत चेंडू मारत राहणे, यांना लागणारी चिकाटी एकच.

मी सातवी शिकलेली. माझे संस्कृत स्तोत्रांपुरतेच. क्षमाबाईंचे श्लोक मला वाचून कळणार नाहीत, पण त्यांचे आयुष्य कळते. आपल्या मंडळात चाळिशी ओलांडलेल्या किती तरी जणी आहेत. वार्षिक खेळांच्या दिवशी त्या खुर्च्या धरून बसतात आणि सुनांना, लेकींना पुढे करतात. आता आमचे काय राहिले आहे, असे म्हणतात. मुलीला पुढे करावेच, पण स्वतः मागे बसून नव्हे. क्षमाबाईंची लेक विम्बल्डनला पोचली, कारण तिने आईला आधी कोर्टावर पाहिले होते.

म्हणून माझी कार्यकारी मंडळाला एक सूचना आहे. येत्या वर्षापासून आठवड्यातून दोन दिवस तासभर रिंग टेनिस ठेवावे. त्याला एक जाळी आणि एक रबरी कडे पुरते, आणि ते चाळिशीच्या वरच्या सभासदांसाठीच असावे. तसेच आपल्यापैकी ज्या संस्कृत शिकल्या आहेत त्यांनी आम्हांला महिन्यातून एकदा चार श्लोक अर्थासह शिकवावेत. पहिले नाव दोन्हीकडे माझे लिहून घ्यावे.