वॉटर्लूचा नमुनाकार

वॉटर्लूची लढाई १८१५ साली झाली. तिचा भव्य नमुना घडविणारे कॅप्टन विल्यम सायबोर्न (१७९७-१८४९) त्या रणांगणात नव्हते. १८३० मध्ये हे काम मिळताच त्यांनी तेथील ला हे सांत या शेतवाडीत आठ महिने राहून सारी भूमी मोजली. प्रमाण ठरले मैलास नऊ फूट. त्यानुसार शिपाई जेमतेम तीन मिलिमीटरचा व्हायला हवा. इतका इवला जीव दिसणार कसा? म्हणून तो सुमारे दहा मिलिमीटरचा झाला आणि एकेक पुतळा दोघादोघांचा प्रतिनिधी ठरला. १८३३ मध्ये सरकारने पैसा थांबवला. १८३८ मध्ये लंडनकरांनी प्रदर्शनास गर्दी केली. वेलिंग्टन यांना मात्र प्रशियन सैन्याची मांडणी रुचली नाही. १८४४ च्या दुसऱ्या नमुन्यात भूमीचे प्रमाण इंचास पंधरा फूट धरले. कर्ज मात्र शेवटपर्यंत फिटले नाही.