विश्लेषण : राजेशाहीचे कट्टर विरोधक थॉमस पेन राजाच्या बचावाला का उभे राहिले?

महात्मा जोतीराव फुले यांच्यावर तरुणपणी ज्या पुस्तकाचा खोल प्रभाव पडला, त्या ‘राइट्स ऑफ मॅन’चे लेखक म्हणजे थॉमस पेन. जन्मावरून कोणी राज्यकर्ता ठरत नाही, हे त्यांनी आयुष्यभर मांडले. मात्र पॅरिसमध्ये एका राजाचा जीव वाचवण्याचा प्रयत्न केला आणि तो त्यांना महागात पडला.

पेन राजकारणात कसे आले?

इंग्लंडमधील थेटफर्ड येथे १७३७ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील कॉर्सेट शिवत. पेनही तेच काम शिकले, पुढे अबकारी खात्यात लागले. तिथली नोकरी १७७४ मध्ये गेली. त्याच वर्षी बेंजामिन फ्रँकलिन यांचे शिफारसपत्र घेऊन त्यांनी अमेरिका गाठली. वसाहतींचा इंग्लंडशी संघर्ष पेटला होता, तरी अनेकांना समेटच हवा होता. जानेवारी १७७६ मधील ‘कॉमन सेन्स’ या पुस्तिकेत पेन यांनी मूळ प्रश्नच बदलला. कर किती, हे बाजूला ठेवा. वंशपरंपरेने राज्य करण्याचा हक्क आला कुठून? भाषा साधी, कारागिरालाही कळेल अशी. सहा महिन्यांत स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला.

बर्क यांच्याशी वाद काय होता?

फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करताना एडमंड बर्क यांनी १७९० मध्ये पूर्वजांकडून आलेल्या व्यवस्थेची बाजू घेतली. पेन यांचे उत्तर १७९१ आणि १७९२ मध्ये दोन भागांत आले. गेलेल्या पिढीला जिवंत पिढीचे हात बांधता येत नाहीत. हक्क राजा देत नाही, ते माणसाबरोबर जन्मतात. सरकार त्यांच्या रक्षणासाठी असते. दुसऱ्या भागात तर वृद्धांना निवृत्तिवेतन आणि गरिबांच्या मुलांना शिक्षण करांच्या पैशातून देण्याची योजना आहे. तिची चर्चा फारशी होत नाही. इंग्लंडमध्ये त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तोवर ते फ्रान्सला पोहोचले होते.

मग राजाची बाजू का?

खरे तर बाजू राजाची नव्हतीच. फ्रेंच येत नसतानाही पेन तिथल्या राष्ट्रीय सभेवर निवडून आले होते. सोळाव्या लुईचे पद जावे, पण जीव घेऊ नये, त्याला अमेरिकेत हद्दपार करावे, असा त्यांचा आग्रह होता. देहदंडच त्यांना अमान्य होता. दुभाषा भाषण वाचत असताना मारा याने मध्येच आक्षेप घेतला. २१ जानेवारी १७९३ रोजी लुईचा शिरच्छेद झाला. वर्ष सरता सरता पेन स्वतःच लक्झेंबर्ग तुरुंगात गेले. गिलोटीन टळले, पण सुटकेला नोव्हेंबर १७९४ उजाडला. तीही अमेरिकी राजदूत जेम्स मन्रो यांच्या खटपटीमुळे.

शेवट कसा झाला?

‘एज ऑफ रीझन’मध्ये त्यांनी ईश्वर मानला, पण चर्च आणि धर्मग्रंथांचा अधिकार नाकारला. अमेरिकेने हे माफ केले नाही. १८०९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा अंत्यविधीला मोजकीच माणसे होती. दहा वर्षांनी विल्यम कॉबेट यांनी स्मारकासाठी त्यांच्या अस्थी उकरून इंग्लंडला नेल्या. स्मारक झाले नाही, आणि अस्थीही पुढे गहाळ झाल्या.