पंचांग आणि आकाश यांचा मेळ

वऱ्हाडातील शेतकरी मृग नक्षत्राकडे डोळे लावून बसतो. ७ किंवा ८ जूनला सूर्य मृगात गेला, की अमरावती-अकोल्याच्या बाजारात बी-बियाण्यांच्या खरेदीला जोर येतो. परंतु ज्या मृगावर एवढी भिस्त, तो ऋतूंच्या हिशेबाने स्थिर नाही. नक्षत्रांवरून मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे असते. त्यामुळे सुमारे ७२ वर्षांत मृग एक दिवस पुढे सरकतो. हा विषय मराठी वाचकांपुढे साधार मांडण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, ते शंकर बाळकृष्ण दीक्षित व्यवसायाने शाळामास्तर होते.

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुड येथे झाला. धोंडो केशव कर्वे यांचेही हेच गाव. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षण घेऊन त्यांनी १८७४ साली मॅट्रिकची परीक्षा दिली. विद्यापीठाची पदवी मात्र त्यांनी कधीच घेतली नाही. पुढे रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि अखेरीस पुणे अशी शिक्षण खात्यातील नोकरी झाली. वेधशाळा नाही, मोठे ग्रंथालय हाताशी नाही, गणिताला मदतनीस नाही, आणि प्रपंच शिक्षकाच्या पगारावर. संशोधनाला आधी निधी हवा, मग इमारत हवी, असे मानणाऱ्यांनी हा जमाखर्च एकदा पाहावा.

आकाश सर्वांचे आहे आणि ते पाहण्यास खर्च येत नाही, ही गोष्ट दीक्षितांनी मनापासून मानली होती. १८९२ सालच्या ‘ज्योतिर्विलास’ या पुस्तकाला त्यांनी ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे दुसरे नाव दिले, त्यातच त्यांची दृष्टी दिसते. चंद्र रोज सुमारे १३ अंश, म्हणजे जवळजवळ एक नक्षत्र, पूर्वेकडे सरकतो. गुरू एका राशीत सुमारे वर्षभर राहतो, शनी अडीच वर्षे. शुक्र सूर्यापासून ४७-४८ अंशांपलीकडे कधीच जात नाही, म्हणून तो मध्यरात्री डोक्यावर दिसत नाही. हे सारे गच्चीवर उभे राहून नुसत्या डोळ्यांनी पडताळता येते. ज्याला हे पडताळता आले, त्याला पंचांगही पडताळता येते, आणि खरा वाद तेथूनच सुरू झाला.

त्या काळची बहुतेक पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’वरून होत. तो ग्रंथ १५२० सालचा. साडेतीनशे वर्षांत त्यातील ग्रहस्थिती आणि प्रत्यक्ष आकाश यांत अंतर पडले होते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून प्रत्यक्षाशी जुळणारे पंचांग काढण्यास आरंभ केला. दीक्षित, विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी आणखी पुढे जाऊन ऋतूंशी बांधलेल्या सायन पंचांगाचा पुरस्कार केला. सनातन्यांना हे रुचणे शक्य नव्हते. दीक्षितांनी मात्र पूर्वाचार्यांचा अधिक्षेप केला नाही. ज्यांनी आपल्या काळी आकाश पाहून गणित सुधारले, त्यांचे खरे अनुयायी तेच करतील, अशी त्यांची भूमिका होती.

१८९६ साली प्रसिद्ध झालेला ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा पाचशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ याच भूमिकेतून उभा राहिला. वेदकाळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या ज्योतिषांचा तो इतिहास होय. वऱ्हाडच्या वाचकाला त्या इतिहासात स्वतःचे घर सापडते. पयोष्णीकाठच्या दधिग्रामातील एक ज्योतिषी घराणे पुढे काशीस गेले. पयोष्णी म्हणजे आपली पूर्णा, असे सामान्यतः मानतात. या घराण्यातील कृष्ण दैवज्ञांनी भास्कराचार्यांच्या बीजगणितावर टीका लिहिली आणि जहांगीर बादशहाचा आश्रय मिळवला. त्यांचे बंधू रंगनाथ यांची ‘सूर्यसिद्धान्ता’वरील टीका १६०३ साली पूर्ण झाली आणि त्याच सुमारास त्यांना मुनीश्वर हा पुत्र झाला. मुनीश्वरांनी १६४६ साली ‘सिद्धान्तसार्वभौम’ हा स्वतंत्र ग्रंथ रचला. विद्या आश्रयाच्या मागे जाते, हा अर्थशास्त्राचा जुनाच नियम आहे. पूर्णाकाठचे गणित गंगाकाठी गेले, यात नवल नाही. रंगनाथांच्या काळी ऋतुमानाने मृग आजच्यापेक्षा सुमारे ६ दिवस आधी लागत असे.

दीक्षितांच्या गणिताने इतिहासालाही हात दिला. मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभलेखात गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा उल्लेख आहे. दीक्षितांच्या गणिताप्रमाणे तो दिवस २१ जून ४८४ ठरला आणि वारही जुळला. गुप्त संवताचा आरंभ इ. स. ३१९-२० मध्ये धरण्यास याने मोठा आधार मिळाला. फ्लीट यांनी गुप्तकालीन लेखांच्या १८८८ सालच्या खंडात दीक्षितांच्या गणिताचा उपयोग केला.

कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत, या शतपथ ब्राह्मणातील विधानावरून त्यांनी त्या निरीक्षणाचा काळ इ. स. पूर्व सुमारे ३००० असा काढला. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ मतभेद झाले आणि ते अजून मिटलेले नाहीत. परंतु हिवाळ्यात अकोल्याच्या माळावरून पाहणाऱ्याला आज कृत्तिका पूर्वबिंदूच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवताना दिसतात. तेव्हा फरक पडला आहे, एवढे तरी निर्विवाद. त्या फरकाचे कारण पृथ्वीच्या आसाची संथ परांचन गती हे होय.

ग्रंथ निघाल्यावर दोनच वर्षांनी, एप्रिल १८९८ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी दीक्षित वारले. पुढे १९५२ साली भारत सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. नागपूरचे के. ल. दप्तरी तिचे सभासद होते. २२ मार्च १९५७ पासून सायन सौर महिन्यांची राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. सरकारी राजपत्रावर तिची तारीख छापली जाते, बाजारात मात्र ती कोणी विचारीत नाही. दीक्षितांच्या मराठी ग्रंथाचा हिंदी अनुवाद त्याच १९५७ साली निघाला. इंग्रजी अनुवादाचा पहिला भाग १९६९ मध्ये आणि दुसरा १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे मूळ ग्रंथानंतर तब्बल ८५ वर्षांनी.