लॉर्ड मेयो : कामे प्रांतांकडे, तिजोरी केंद्राकडे

केंद्राने एखादे काम राज्यांकडे सोपवले की त्यासोबत निधी किती दिला, हा वाद आपल्याकडे हमखास उद्भवतो. त्याचा उगम शोधू गेल्यास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीपाशी जावे लागते.

रिचर्ड साउथवेल बर्क ऊर्फ मेयोचे सहावे अर्ल यांचा जन्म १८२२ मध्ये डब्लिन येथे झाला. आयर्लंडचे मुख्य सचिवपद त्यांनी तीन वेळा भूषविले. जानेवारी १८६९ मध्ये त्यांनी भारताची सूत्रे हाती घेतली, तेव्हा सरकारी जमाखर्चात मोठी तूट होती. त्यांनी बांधकामांवरील खर्चाला कात्री लावली आणि वर्षाच्या मध्यावरच प्राप्तिकर वाढवला.

तूट हे केवळ लक्षण होते. दोष व्यवस्थेत होता. प्रांतांना किरकोळ खर्चासाठीही केंद्राची मंजुरी लागे आणि केलेली बचत त्यांच्या पदरात पडत नसे. साहजिकच काटकसरीपेक्षा मागणीचा तगादा लावणे प्रांतांना अधिक फायद्याचे ठरे.

१४ डिसेंबर १८७० च्या ठरावाने मेयो यांनी ही घडी बदलली. रस्ते, सरकारी इमारती, किरकोळ सार्वजनिक सुधारणा, पोलीस, तुरुंग, शिक्षण, वैद्यकीय सेवा, नोंदणी आणि छपाई ही खाती प्रांतांकडे गेली. त्यांसाठी ठरावीक वार्षिक अनुदान मिळू लागले आणि शिल्लक रक्कम प्रांतांकडेच राहू लागली. रेल्वे आणि मोठे पाटबंधारे मात्र केंद्राने स्वतःकडे ठेवले.

मात्र अनुदान ठरवताना केंद्राने आधीच्या खर्चातून तीन लाख पौंडांहून अधिक रक्कम वजा केली. ही तूट प्रांतांनी काटकसरीने अथवा स्थानिक करांनी भरून काढावी, अशी अपेक्षा होती. १८७१ मध्ये बंगालमध्ये रस्ता उपकराचा, तर मद्रासमध्ये स्थानिक निधीचा कायदा झाला. प्रजेवर नवा भार पडला. तो ठरवण्यात तिचा सहभाग मात्र नगण्य होता. स्थानिक संस्थांत निवडून आलेल्या प्रतिनिधींना स्थान देण्याचे धोरण लॉर्ड रिपन यांनी १८८२ मध्ये मांडले.

ते पाहण्यास मेयो हयात नव्हते. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी अंदमानच्या दौऱ्यात शेर अली आफ्रिदी या कैद्याने त्यांची हत्या केली. पदावर असताना मारले गेलेले ते एकमेव व्हाइसरॉय होत.

राज्यघटनेच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्त्यांनी पंचायतींसाठी २९ आणि नगरपालिकांसाठी १८ विषयांच्या सूची दिल्या. त्यांत रस्ते आहेत, पाणीपुरवठाही आहे. मेयो यांच्या काळात नसलेले निवडून आलेले सभागृह आता आहे. परंतु कोणते विषय आणि कोणते कर सोपवायचे, हे राज्यांच्या विधिमंडळांवर सोडलेले आहे. म्हणून पुढचे काम खाली सोपवताना निधीचा स्रोतही त्याच आदेशात लिहिला जावा, ही मागणी रास्त ठरते.