पूल त्याचाच, पण त्याने न पाहिलेला

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराचं चित्र कुठेही बघा, त्यात एव्हन नदीच्या खोल घळीवरचा क्लिफ्टनचा झुलता पूल असतोच. ७०२ फुटांचा स्पॅन आणि भरतीच्या पाण्यापासून सुमारे २४५ फूट उंची! पण ज्याच्या नावाने हा पूल ओळखला जातो, त्या इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेलने तो पुरा झालेला कधी पाहिलाच नाही.

ब्रुनेलचा जन्म ९ एप्रिल १८०६ रोजी पोर्टस्मथ इथे झाला. वडील मार्क ब्रुनेल मूळचे फ्रान्सचे. इंजिनिअर म्हणून अव्वल, पण पैशाच्या व्यवहारात कच्चे. १८२१ मध्ये कर्जापायी त्यांना तुरुंगात जावं लागलं. मुलगा फ्रान्समध्ये शिकून आला आणि वडिलांच्या हाताखाली थेम्स नदीखालच्या बोगद्यावर लागला. जानेवारी १८२८ मध्ये नदीचं पाणी बोगद्यात घुसलं. सहा कामगार गेले, ब्रुनेल जबर जखमी झाला. बरा होण्यासाठी पुढे तो क्लिफ्टनला येऊन राहिला.

१८२९ मध्ये तिथल्या पुलासाठी स्पर्धा जाहीर झाली. परीक्षक होते त्या काळचे सर्वांत मोठे इंजिनिअर थॉमस टेलफर्ड. त्यांनी सगळीच डिझाइन्स नापास केली आणि स्वतःचंच पुढे केलं! ते लोकांना पटलं नाही. दुसऱ्या फेरीत ब्रुनेलचा नंबर आधी दुसरा लागला. पण गडी गप्प बसला नाही. परीक्षकांना भेटून त्याने आपलं डिझाइन पटवून दिलं आणि काम मिळवलं. तेव्हा तो पंचविशीतही नव्हता. (व्हायवाला घाबरणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

१८३१ मध्ये काम सुरू झालं आणि त्याच वर्षी ब्रिस्टलमध्ये दंगली पेटल्या. पैसा आटला. १८३६ मध्ये काम पुन्हा सुरू झालं, १८४३ मध्ये पुन्हा थांबलं. घळीच्या दोन्ही काठांवर नुसते मनोरे उभे राहिले. पुलासाठी आणलेल्या साखळ्याही पुढे विकाव्या लागल्या.

ब्रुनेल मात्र थांबला नाही. १८३३ मध्ये, २७ व्या वर्षी, तो ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा इंजिनिअर झाला. १८४१ मध्ये लंडन-ब्रिस्टल मार्ग पूर्ण झाला. रुळांमधलं अंतर त्याने सात फूट ठेवलं. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा, यावरून कल्पना करा! पण बाकीचा देश अरुंद रुळांवर गेला आणि १८९२ मध्ये त्याचा सात फुटी गेज कायमचा बंद झाला. १८४३ मध्ये ब्रिस्टलच्याच गोदीत त्याचं 'ग्रेट ब्रिटन' जहाज पाण्यात उतरलं. लोखंडी सांगाडा आणि स्क्रू प्रोपेलर एकत्र असलेलं हे पहिलं मोठं सागरी जहाज. हवेच्या दाबावर गाडी ओढायचा त्याचा प्रयोग मात्र १८४८ मध्ये साफ फसला. नळावरची चामड्याची पट्टी हवाबंद राहीना. म्हणजे केटी लागली ती त्यालाही!

१५ सप्टेंबर १८५९ रोजी, अवघ्या ५३ व्या वर्षी तो गेला. तेव्हा इतर इंजिनिअर पुढे आले. त्याचं स्मारक म्हणून पूल पुरा करायचं ठरलं. लंडनमधला ब्रुनेलनेच बांधलेला हंगरफर्ड पूल त्याच सुमारास पाडला जात होता, त्याच्या साखळ्या क्लिफ्टनला आणल्या. हॉकशॉ आणि बार्लो यांनी मूळ डिझाइनमध्ये काही बदल करून काम तडीस नेलं आणि डिसेंबर १८६४ मध्ये पूल खुला झाला.

पण पुढची गोष्ट अजून भारी आहे. ली वूड्सच्या बाजूचं अबटमेंट भरीव आहे असं सगळेच धरून चालले होते. २००२ मध्ये कळलं की आत चक्क बारा कमानदार खोल्या आहेत, काही तर ३५ फूट उंच! इतकं मोठं बांधकाम रोज डोळ्यांसमोर, आणि त्याच्या पोटात काय आहे याचाच शहराला विसर पडलेला.

ब्रुनेलच्या स्केचबुका, हिशेबाच्या वह्या आणि पत्रं आज ब्रिस्टलमध्ये जपून ठेवली आहेत, आणि तीही गोदीत परत आणलेल्या त्याच जहाजाला लागून असलेल्या ब्रुनेल इन्स्टिट्यूटमध्ये. या कागदांमुळे त्याने कुठे काय विचार केला, कुठे खोडलं, ते आजही वाचता येतं. नुसता दगड आपल्या आत काय आहे ते सांगत नाही.

तेव्हा दोस्तांनो, सबमिशन झालं की शीट्स रद्दीत घालण्याआधी आणि प्रोजेक्ट रिपोर्ट शेवटच्या रात्री कॉपी करण्याआधी जरा थांबा. उद्या आपण काही बांधू, तेव्हा त्याचं नीट ड्रॉइंग मागे ठेवणं हेही आपल्याच कामाचा भाग आहे. काम अर्धं राहिलं, तर पुढचा माणूस तिथूनच सुरुवात करेल.